छपरावरचं ओझं, ॲक्सलवरचं पितळ: एका स्केल क्रॉलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी रिमोटवर चालणारी क्रॉलर, म्हणजे दगडांवर सावकाश चढण्यासाठीची; १:१० मापाची, किटमधून बांधलेली. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३१३ मिमी, पुढे-मागे सॉलिड (अखंड) ॲक्सल, दोन्ही डिफरन्शियल कायमचे लॉक (म्हणजे डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरणार), १.९ इंची बीडलॉक चाकं (टायर रिंगने आवळलेली), ३५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) ब्रश मोटर आणि ३ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. ॲक्सल चासीला धरून ठेवायला पुढे तीन लिंक (दांड्या) आणि पॅनहार्ड (आडवी दांडी), मागे चार लिंक, सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) चासीवर. म्हणजे मांडणीत वेगळं काहीच नाही. अशा हजारो गाड्या दगडांवर चढत असतात.

वेगळा होता तो मालक. तो या छंदात आला स्थिर मॉडेलं बनवण्यातून. त्यामुळे चासी पटकन उरकली आणि बॉडीवर महिनोन्‌महिने घातले. पातळ लेक्सनची (हलक्या प्लॅस्टिकची) बॉडी त्याने पाहिलीसुद्धा नाही. एबीएस प्लॅस्टिकची हार्ड बॉडी, उघडणारी दारं, आत पूर्ण डॅशबोर्ड, सीटा, दोन माणसं. दाराच्या बिजागरीखाली तेलरंगाने काढलेले गंजाचे ओघळ होते. जेरीकॅनच्या कडांचा रंग खरवडून खालचा चंदेरी थर दाखवलेला होता, आणि तोही फक्त हात लागतो त्या बाजूला. छपरावर पितळी पट्ट्या डाख देऊन केलेला रॅक, त्यावर कॅन, पेट्या, फावडं, लाइट बार. मागच्या दारावर टायर-रिमसकट पूर्ण स्टेपनी.

टेबलावर ही गाडी बघत राहावी अशी होती. दगडावर मात्र तिची रया जायची.

अडचण

तक्रारी तीन होत्या आणि मालकाच्या मते तिन्ही सुट्या.

पहिली, आडव्या उतारावरून जाताना गाडी कुशीवर पडायची. ज्या कातळावरून बाकीच्या गाड्या तिरक्या निघून जायच्या, तिथे हिचं छप्पर आधी झुकायचं आणि मग चाकं सुटायची.

दुसरी, सरळ चढावर थ्रॉटल दिला की पुढचं डावं चाक हवेत जायचं. दगड डावीकडे असो वा उजवीकडे, उचलायचं ते डावंच. तसाच थ्रॉटल धरला तर गाडी मागे उताणी.

तिसरी जरा गूढ होती. दोन दगडांच्या फटीत पुढचं चाक अडकलं आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की गाडी क्षणभर ‘मरायची’. मोटर बंद, सर्वो सैल, दिवे विझलेले. मग आपोआप जागी व्हायची. मालकाला वाटलं रेडिओची रेंज कमी पडतेय, म्हणून त्याने रिसीव्हरची अँटेना बॉडीबाहेर काढली. फरक शून्य. ट्रान्समीटर चार पावलांवर असताना रेंजचा संशय यायलाच नको होता.

यावर त्याने पहिला उपाय केला तो सगळे करतात तोच: पितळ. पुढच्या नकलवर (चाक ज्यावर वळतं तो सांधा) आणि दोन्ही डिफरन्शियलच्या झाकणांवर मिळून ३०० ग्रॅम. त्यातलं १८० पुढे, १२० मागे. वजन खाली गेलं की गाडी स्थिर होते हे खरंच आहे. पण गाडी जेमतेम सुधारली, उताणी पडायची ती पडतच राहिली आणि तिसरी तक्रार तर वाढली. आधी कधीतरी मरणारी गाडी आता दर अडचणीच्या जागी मरू लागली.

गाडी माझ्या टेबलावर आली ती या टप्प्याला.

आधी मोजलं

मोजमापाला भारी साधनं लागत नाहीत. दोन डिजिटल वजनकाटे सारख्या उंचीवर, एकावर पुढचा ॲक्सल, दुसऱ्यावर मागचा. एकच काटा असेल तर दुसऱ्या ॲक्सलखाली तेवढ्याच उंचीचा ठोकळा ठेवून आलटून-पालटून मोजावं. बॅटरी जागेवर आणि बॉडी चढवलेली हवी. नुसत्या चासीचं वजन सांगणारे खूप भेटतात. त्या आकड्याचा उपयोग नाही.

पितळ काढून गाडी भरली ३४२० ग्रॅम. पुढे ४७ टक्के, मागे ५३. क्रॉलरला हे उलटं पडतं. चढावर भार आपसूक मागे सरकतो, म्हणून सपाटीवर गाडी पुढे जड असावी लागते; ५५ ते ६० टक्के पुढे ही बहुतेकांची पसंती.

मग फळी. गाडी आडवी ठेवायची, खालच्या बाजूच्या टायरांना अडेल अशी बारीक पट्टी ठोकायची, नाहीतर गाडी पडण्याआधी घसरते. फळी हळूहळू उचलायची आणि वरची चाकं सुटतात तो कोन फोनवर बघायचा. आडवी गाडी ३५ अंशांना पडली. तोंड वर करून ठेवली तर ४४ अंशांना उताणी. आडव्या कोनावरून आणि चाकांच्या रुंदीवरून गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण साडेबारा सेंटिमीटर वर निघत होता. या मापाच्या गाडीला हे फार झालं.

पुढचं काम कंटाळवाणं, पण सगळं प्रकरण उलगडलं ते त्यातच. बॉडीवरची प्रत्येक सुटणारी वस्तू वेगळी तोलली. छपरावरचा संसार २५० ग्रॅम. स्टेपनी १६०. आतली माणसं, सीटा, डॅशबोर्ड मिळून ९०. बॅटरी ३५०, आणि ती मागच्या बाजूला, चासीच्या पट्ट्यांच्याही वर बसवलेली.

आता पितळाने का भागलं नाही ते बघा. ॲक्सल जमिनीपासून साडेपाच सेंटिमीटरवर, म्हणजे गुरुत्वमध्याच्या सात सेंटिमीटर खाली. छप्पर पंचवीस सेंटिमीटरवर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर वर. ॲक्सलवर ३०० ग्रॅम चढवले तर गुरुत्वमध्य १२.५ वरून ११.९ ला येतो. छपराच्या उंचीवरचे तेवढेच ३०० ग्रॅम उतरवले तर तो ११.३ ला येतो, आणि गाडी हलकी होते ती वेगळीच. म्हणजे वरून काढलेला ग्रॅम खाली घातलेल्या ग्रॅमच्या दुप्पट कामाचा. त्यात मागच्या ॲक्सलवरचं १२० ग्रॅम पितळ चढावर काहीच मदत करत नव्हतं.

तीन तक्रारी, एकच साखळी

तिसऱ्या तक्रारीसाठी रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला व्होल्टमीटर लावला, पुढची चाकं दोन विटांमध्ये अडकवली आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. सहा व्होल्ट होते ते चारच्या खाली गेले आणि रिसीव्हर बंद पडला. इएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) बीइसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोला वीज पुरवणारा भाग, ३ अँपिअरचा. सर्वो २५ किलोच्या वर्गातला. तो अडून बसला की याहून जास्त करंट ओढतो. नकलवर पितळ आल्याने चाक वळवायला आणखी जोर लागू लागला, म्हणून गाडी जास्त वेळा मरू लागली. पहिल्या तक्रारीचं औषध तिसरीच्या मुळावर आलं होतं.

दुसरी तक्रार, म्हणजे एकाच बाजूचं चाक उचलणं, ही शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) पिळाची. ओळखायची खूण सोपी: रिव्हर्समध्ये त्याच चढावर उलटी बाजू उचलते. इथे तसंच झालं. मोटर आणि गिअरबॉक्स चासीवर असतात. शाफ्ट ॲक्सलला पीळ देतो तेवढाच उलटा पीळ चासीला बसतो. चढावर भार मागे जातो, तेव्हा मागच्या शाफ्टचा पीळ जास्त. चासीने तो मागच्याच स्प्रिंगांवर परत उतरवायला हवा. मागच्या स्प्रिंगा मऊ असल्या की तो पुढच्या ॲक्सलवर जाऊन पडतो, आणि पुढे आधीच भार कमी असल्याने एक चाक सुटतं. या गाडीत मागच्या स्प्रिंगा पुढच्याइतक्याच मऊ होत्या, कारण ‘लवचीक दिसते’.

पर्याय

मालकाच्या डोक्यात पहिला पर्याय ५५ टर्नच्या मोटरचा होता. ही म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तो चढ तेवढ्याच वजनाने चढायचा तर चाकाला लागणारा जोर तोच, आणि ॲक्सलमधल्या गिअरचा रेशो (फेरे कमी करण्याचं प्रमाण) तोच असेल तर शाफ्टमधला पीळही तोच. मोटर बदला, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) बदला, शाफ्टला त्याची खबरही लागत नाही. जास्त टर्नच्या मोटरने थ्रॉटल गुळगुळीत होतो, झटका कमी बसतो, इतकंच. पीळ कमी करायचा तर गिअरचा रेशो शाफ्टच्या पुढे, ॲक्सलमध्ये वाढवावा लागतो.

म्हणून दुसरा पर्याय पोर्टल ॲक्सलचा. २०१७ मध्ये ट्रॅक्सासची टीआरएक्स-४ आली तेव्हापासून हे नाव घरोघरी झालं. चाकाजवळच्या गिअरपेटीत रेशोचा एक टप्पा असतो, त्यामुळे शाफ्टवर पीळ कमी येतो, आणि ॲक्सलची नळी वर गेल्याने खाली जागाही वाढते. पर्याय तांत्रिकदृष्ट्या चोख. पण नळी वर गेली की तिच्यावर उभं असलेलं सगळंच वर जातं. शॉकचे (धक्के शोषणाऱ्या नळ्यांचे) आणि लिंकांचे बिंदू नव्याने बसवल्याशिवाय गाडी आणखी उंच होते. जिचा मूळ रोगच उंची, तिला हे पहिलं औषध नको, असं माझं मत पडलं.

तिसरा पर्याय लेक्सनची बॉडी. एका फटक्यात साडेतीनशे ग्रॅम वरून कमी. कोन सर्वांत जास्त यानेच सुधारला असता. मालकाने ऐकूनच घेतलं नाही. ‘‘मग दुसरीच गाडी बांधतो की,’’ म्हणाला. आणि ते बरोबरच होतं. त्याला स्पर्धेतली गेटं (खुणांमधल्या वाटा) मारायची नव्हती; दिसायला खरी वाटणारी गाडी दगडांवर न लाजता चालवायची होती. उद्देश मालक ठरवतो.

चौथा पर्याय सगळं सामान उतरवण्याचा. त्यावर तो म्हणाला, ‘‘रॅक गेला तर गाडीत उरलं काय?’’

पाचवा निघाला तो या नकारांतूनच: दिसणं तसंच ठेवायचं, वजन पोकळ करायचं.

काय केलं

डाख दिलेला पितळी रॅक उतरला. त्याच मापाचा रॅक थ्रीडी प्रिंट करून घेतला. कॅन आणि पेट्या पातळ प्लॅस्टिक शीटच्या, आतून रिकाम्या. २५० ग्रॅमचा संसार ६० वर आला. रंगकाम मालकाने पुन्हा केलं, आणि दोन्ही रॅक शेजारी ठेवले तर हातात घेतल्याशिवाय फरक कळत नव्हता. स्टेपनीतला फोम काढला, रिम पोकळ छापली. ८५ ग्रॅम वाचले. सीटांचा खिडकीखालचा न दिसणारा भाग कापला, माणसं कमरेपासून वरचीच ठेवली. त्यातून ५० ग्रॅम.

बॅटरीवर सर्वांत जास्त वाद झाला. ५००० एमएएचचा मोठा पॅक जाऊन २२०० चा १८० ग्रॅमचा आला आणि तो पुढे, सर्वोच्या मागे, जमेल तितका खाली बसला. चालण्याचा वेळ निम्म्याहून कमी झाला. मालकाला हा तोटा मोठा वाटत होता. मला विचाराल तर क्रॉलरमध्ये एकच मोठी बॅटरी वाहण्यापेक्षा दोन छोट्या खिशात ठेवाव्यात. खिशातलं वजन गाडीला उताणी पाडत नाही.

मागचं पितळ पूर्ण काढलं, पुढचं १८० ग्रॅम ठेवलं. ते तिथे कामाचं होतं, कारण वजन खालीही होतं आणि पुढेही.

मग शॉक. आत स्पेसर घालून गाडी ८ मिमी खाली बसवली. याची किंमत लगेच दिसली: एक चाक पूर्ण वर दबलं की टायर फेंडरच्या आतल्या कडेला घासू लागला. गंजाचे ओघळ काढलेल्या बॉडीला कानस लावायची वेळ आल्यावर मालक बराच वेळ नुसता बघत बसला. शेवटी आतली कड कापली, बाहेरची ओळ शाबूत राहिली. मागे एका नंबराने जास्त कडक स्प्रिंगा आल्या, पुढच्या होत्या त्याच राहिल्या. शॉकमधलं तेल बदललं नाही. एका वेळी एवढ्या गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कळेनासं होतं.

सर्वोला वेगळा बीइसी दिला, थेट बॅटरीवरून. सर्वोची लाल तार रिसीव्हरपासून तोडून नव्या बीइसीला जोडली. काळी तार दोघांत सामाईक ठेवली, सिग्नल रिसीव्हरकडूनच. काळी तार सामाईक नसेल तर सर्वोला सिग्नलचा अर्थच लागत नाही आणि तो भरकटतो. शिवाय ट्रान्समीटरवर दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट (सर्वो कुठवर फिरेल ती मर्यादा) कमी केले, म्हणजे नकल स्टॉपरला टेकल्यावरही सर्वो ढकलत राहणार नाही. हे आधी केलेलं नव्हतं. बऱ्याच सर्वोंचे गिअर याच कारणाने जातात.

निकाल

गाडी भरली ३१०५ ग्रॅम, त्यात पुढे ५६ टक्के. फळीवर आडवी ४१ अंशांपर्यंत टिकली, तोंड वर करून ५२ पर्यंत. आधीचे आकडे ३५ आणि ४४. सहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण जो कातळ तिला कुशीवर पाडत होता तो तिने हळूच, वरची चाकं जेमतेम टेकवत पार केला.

मरणं पूर्ण थांबलं. विटांच्या चाचणीत रिसीव्हरचे सहा व्होल्ट हललेसुद्धा नाहीत.

पिळाचं तसं नाही. मध्यम चढावर डावं चाक आता जमिनीवर राहतं, खड्या चढावर अजून उचलतं, फक्त उशिरा आणि कमी. सॉलिड ॲक्सलच्या शाफ्टवाल्या गाडीत हे शून्यावर येत नाही. मागे स्वे बार (डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारी सळई) टाकला तर आणखी कमी होईल, पण खाचखळग्यांत मागची चाकं मोकळी खालीवर होणार नाहीत. मालकाने तूर्त नको म्हटलं.

एक अनपेक्षित गोष्टही घडली. गुळगुळीत दगडावर मागची पकड आधीपेक्षा थोडी उणी झाली. मागच्या टायरांतले फोम जड गाडीसाठी निवडलेले, आतून कडक. भार कमी झाल्यावर टायर पूर्वीसारखा पसरेना.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पितळ आणायच्या आधी गाडी काट्यावर चढली असती तर मधला सगळा फेरा वाचला असता. काट्याला दहा मिनिटं लागतात. पण पितळ हातात घेतलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, मोजण्यात तसं वाटत नाही, आणि म्हणून पुष्कळ गाड्या मोजमापाशिवाय जड होत जातात.

त्याहून मोठी जागा बांधणीच्या सुरुवातीची. बॉडीचं काम करताना प्रत्येक भाग चिकटवण्याआधी तोलला असता तर पितळी रॅक कधी झालाच नसता. स्थिर मॉडेलवाल्यांना पितळ आवडतं, कारण ते सरळ राहतं आणि डाख घट्ट बसतो. चालत्या गाडीत तेच छपरावर गेलं की सर्वांत महागात पडणारी धातू. बॉडीला सुरुवातीलाच एक मर्यादा घालून घ्यावी, समजा बॉडीच्या कमरेच्या रेषेच्या वर अमुक ग्रॅम, आणि तपशील त्यात बसवावेत.

पोर्टल नाकारण्याचा निर्णय मला आजही पटतो, पण पूर्ण खात्रीने नाही. बॉडी आणि शॉक अशीही उघडणारच होती, तर लिंकांचे बिंदू त्याच वेळी खाली घेऊन पोर्टल बसवता आले असते आणि पिळाचा प्रश्न मुळात सुटला असता. काम दुप्पट झालं असतं, आणि काही बिघडलं असतं तर दोष कशाचा ते शोधणं अवघड. ज्याच्याकडे दुसरी चालती गाडी आहे त्याने हा मार्ग खुशाल घ्यावा.

रॅकच्या बाबतीत आणखी सोपी वाट होती आणि ती आम्हा दोघांनाही सुचायला हवी होती: दोन रॅक, छपराला तीच भोकं. टेबलावर पितळी, दगडावर पोकळ. जुना रॅक फेकलेला नाही, त्यामुळे हे अजूनही करता येईल. भोकांची जागा मात्र चार मिलिमीटरने चुकते, ती नव्या रॅकच्या पायांत सावरावी लागेल.

फोमचं काम राहिलं आहे. मागे बाहेरून मऊ, आतून जरा कमी कडक असा दुहेरी फोम घालायचा. त्याआधी रिमला हवा जायची भोकं खरंच मोकळी आहेत का ते बघायचं, कारण एका रिममध्ये ती रंगाने बुजलेली निघाली.